एका पारीचं मीठ

कातरबाई नोकरी मागायला पहिल्यांदा कारखान्यात शिरली, तेव्हा म्हणे पंखे थांबले, हवेतलं पीठ गुमान खाली बसलं आणि मॅनेजरच्या हातातलं पेन आपणहून त्याच्या खिशात जाऊन लपलं. मॅनेजरनं फक्त अनुभव विचारला होता. उत्तरादाखल तिनं रुळांतून सरकत येणारी पिठाची चादर दोन बोटांनी उचलली, डोळ्यांसमोर धरली आणि तिच्यातून आरपार बघत त्याच्या हातातला कागद मोठ्यानं वाचला : ‘उमेदवार क्रमांक सात. भांडखोर दिसते.’ मग म्हणाली, चादर फार पातळ झालीये, वाफेवर फाटेल. भांडखोर तेवढं बरोबर लिहिलंय. यातलं चादर उचलणं तेवढं खरं असावं. बाकीचं बारा वर्षांत सांगणाऱ्यांनी वरून भुरभुरलेलं पीठ आहे.

कारखान्यात दोनच वस्तू व्हायच्या. वाँटनची, म्हणजे सारणाच्या चिनी पुरचुंडीची, लहान पारी आणि एगरोलच्या गुंडाळीची मोठी पारी. मैदा, अंडं, पाणी, मीठ. चिकटू नये म्हणून वर कॉर्नफ्लोअरची भुकटी. मळलेलं पीठ एकच, रूळ तेच. मोठी पारी सात इंच चौरस. तिच्यावर अधिकच्या चिन्हासारखं पातं पडलं की तिच्या लहान चार. कातरबाई त्या पात्यावर होती. तिचं नाव पात्यामुळे पडलं की जिभेमुळे, यावर कामगारांत दोन तट होते आणि दोघांकडेही पुरावे होते.

मॅनेजरचा जीव मात्र लेबलात. खिशात कायम पारदर्शक फूटपट्टी. लेबल दोन मिलिमीटर तिरकं दिसलं की पाकीट ‘थांबा’ लिहिलेल्या लाल क्रेटमध्ये, आणि त्याच्या तपासणीशिवाय ते पाकीट दाराबाहेर जायचं नाही, असा नियम त्यानं स्वतःच्या सहीनिशी भिंतीवर लावला होता. या बाबतीत कातरबाई त्याच्याही वरताण. धावत्या पट्ट्यावरचं वाकडं लेबल ती पाठमोरी उभी राहून ओळखते, अशी तिची ख्याती. त्या लेबलावर लिहिलंय काय, हे मात्र बारा वर्षांत दोघांपैकी एकानंही वाचलं नव्हतं.

ते वाचायची वेळ ताईमुळे आली. ताई म्हणजे तिची नऊ वर्षांनी थोरली बहीण. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आता धाकटीकडे राहायला आलेली. तिच्या किडन्या कुरकुरायला लागल्या तशी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी एक तक्ता दिला : दिवसाला सोडियम पंधराशे मिलिग्रॅमच्या आत, पाकिटातलं काही खाल्लंत तर मागचं लेबल वाचून बेरीज करा. कातरबाईच्या घरात पाकीट एकच, एगरोलच्या पाऱ्यांचं. तिनं ते उलटवलं. एक पारी : तेवीस कॅलरी, सोडियम शेचाळीस मिलिग्रॅम. तिची छाती अभिमानानं फुगली. आपल्या हातची पारी आणि इतकी गुणाची! त्या दिवसापासून कोबी-गाजर भरून, मिठाचा कण न घालता, ओव्हनमध्ये भाजलेले एगरोल सुरू झाले. सकाळी तीन, रात्री तीन. ताई निमूट खायची.

महिनाभरात ताईच्या पायांना अशी सूज आली की चप्पल घालता येईना. डॉक्टरनं रिपोर्ट बघितला, मग चष्म्यावरून ताईकडे बघितलं आणि म्हणाला, आजी, तुम्ही बाहेरचं खारट खाताय. ताई नाही म्हणाली. डॉक्टरनं मान हलवली. कातरबाईनंही हलवली, आणि त्या एका मान हलवण्याचा तिला पुढे फार राग यायचा होता.

घरी आल्या आल्या तिनं झडती घेतली. उशीचे अभ्रे, शिवणयंत्राचा खण, कोटाचे खिसे. खिशातून काहीतरी हाताला लागलं.

“हे काय?”

“बटण. ते मी खात नाही,” ताई म्हणाली.

कातरबाई हसली असती तर बरं झालं असतं. त्याऐवजी ती बोलली. दिवसभर उभी राहून मी मरते, आणि तू माझ्या पाठीमागे चोरून खातेस, असं बोलली. ताईनं बटण तिच्या हातातून घेतलं, डबीत टाकलं, डबीचं झाकण लावलं.

“धाकटे, नऊ वर्षांची होते तेव्हा तुला कडेवर घेऊन फिरायचे. तुझ्या हातातला खाऊ तेव्हा चोरला नाही, तो आता चोरू?”

त्यानंतर आठ दिवस ताई तिच्याशी बोलली नाही. समोर आलेले सहा एगरोल मात्र रोज संपवत राहिली.

नवव्या दिवशी अधिकच्या चिन्हाचं पातं धारेला गेलं. वाँटनचीही ऑर्डर होती, म्हणून कातरबाई हातानं कापायला बसली. मोठ्या पाऱ्यांची चळत घ्यायची, उभी चीर, आडवी चीर, चार लहान चळती. पहिलं पाकीट भरलं, लेबल लागलं. सवयीनं तिनं ते डोळ्यांसमोर धरलं. लेबल ओळंब्यात होतं. त्यावर लिहिलं होतं : एक पारी, तेवीस कॅलरी, सोडियम शेचाळीस मिलिग्रॅम.

तिनं शेजारचं एगरोलचं पाकीट ओढलं. तेच लेबल. तेच आकडे. मग तिनं एक मोठी पारी ओट्यावर पसरली आणि तिच्यावर लहान चार मांडल्या. काठाला काठ लागून बसल्या. सहा पाऱ्यांचे पावणेतीनशे मिलिग्रॅम धरून ती रोज अकराशे भरवत होती. स्वतःच्या हातानं, वर बारीक नजर ठेवून.

राग आधी स्वतःचा आला. पण तो एका माणसात मावण्यातला नव्हता, म्हणून ती मॅनेजरच्या खोलीकडे निघाली.

मॅनेजरनं पाकीट घेतलं, फूटपट्टी लावली आणि लेबल सरळ असल्याचं सांगितलं. ती आकडे म्हणतेय हे कळल्यावर म्हणाला, छापखान्यानं दोन्हींना एकच साचा वापरला असेल. वर्षभर पुरतील इतकी लेबलं पडलीत, ती संपू देत, मग बघू.

“बाई, पाकिटाची मागची बाजू वाचतं कोण?”

“माझी बहीण त्याच्यावर जगते, साहेब. आणि मी तिला चोर म्हटलं.”

त्याला वाईट वाटलं, तसं तो म्हणालाही. पण माल थांबवायचा तर भिंतीवर जे लिहिलंय त्याच्यासाठीच थांबवता येतो, त्याचा नाइलाज आहे.

कातरबाईनं भिंत वाचली. मग लेबल लावणाऱ्या यंत्रापाशी गेली आणि बाजूचा स्क्रू अर्धा वेढा फिरवला.

एगरोलचं प्रत्येक पाकीट मान कलती करून येऊ लागलं. तिनं स्वतः एकेक उचललं, लाल क्रेटमध्ये टाकलं. क्रेट संपले तसे खोके घेतले आणि त्यांच्यावर ‘थांबा’ लिहिलं. चार वाजता मॅनेजरला खोलीचं दार उघडेना, कारण बाहेर खोके छताला टेकले होते. फटीतून हात काढून त्यानं एक पाकीट मोजलं. तीन मिलिमीटर. स्क्रू कोणी फिरवला, त्यानं विचारलं.

“मी. सरळ करा, उद्या परत फिरवीन. कामावरून काढलंत तर जाता जाता फिरवीन.”

हीच लेबलं सोलून नव्यानं लावू, तो म्हणाला.

“लावा की. मी तिरकी लावते, तुम्ही मोजत बसा. आपल्या दोघांना दुसरं येतं काय?”

आणि दाराच्या फटीतून तिनं मोठी पारी आत सरकवली, मागोमाग लहान चार. मॅनेजरनं सवयीनं फूटपट्टी लावली : सात इंच. साडेतीन. साडेतीन. मग फोन फिरवल्याचा आवाज आला आणि तो छापखान्यावर असा काही ओरडला, की पट्ट्यावरच्या मंडळींनी कातरबाईकडे कौतुकानं पाहिलं, जणू तीच आत ओरडत होती. दुकानांत गेलेला माल परत मागवायला माणूस त्याच संध्याकाळी निघाला.

घरी ती दारातच उभी राहिली. चप्पल काढायचंही भान नव्हतं.

“ताई, तू चोरून खात नव्हतीस.”

“मला माहीत आहे,” ताई म्हणाली. “आत ये, पीठ सांडतंय.”

नवं लेबल महिन्यानं आलं : एक पारी, ब्याण्णव कॅलरी, सोडियम एकशे चौऱ्याऐंशी. तोवर ताईच्या पायांची सूज उतरली होती. कातरबाईनं तक्त्यात बसवून रोज एक एगरोल देऊ केला. ताईनं नको म्हटलं. तिला एगरोल पहिल्यापासूनच आवडत नव्हते.