व्हर्नाच्या रेडिओतली बॅटरी

मोंटानातल्या घाटात रस्त्याचं काम निघालं की एक बाजू बंद. मग दोन्ही टोकांना ‘थांबा’ची पाटी धरून एकेक माणूस उभा. खाली ऑर्व्हिल स्टॅडलर, वर व्हर्ना किटलसन. मध्ये वळण, त्यामुळे एकमेकांना दिसत नाहीत. ऑर्व्हिल गाड्या सोडतो, शेवटच्या गाडीचा रंग रेडिओवर सांगतो. ती गाडी वर पोचेपर्यंत व्हर्ना आपल्या बाजूची एकही गाडी हलू देत नाही.

रेडिओच्या बॅटऱ्या सांभाळणं ऑर्व्हिलकडे होतं, आणि तो त्यात हयगय करत नसे. पत्र्याची टोकं कोरड्या फडक्यानं पुसायची. गारठलेली बॅटरी उबेला आल्याशिवाय चार्जरला लावायची नाही. भरली की काढायची. फुगली की कायमची बाद, कारण ती कधीही पेट घेऊ शकते.

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी एक बॅटरी तंबूतल्या टेबलावर ठेवली तर डुलू लागली. पोट फुगलं होतं. जादाची एक होती, पण ती तो ट्रकमध्येच विसरला होता. रात्रभरात बर्फासारखी झालेली, शिवाय रिकामी. ती उबवून भरायची तर अर्धी सकाळ गेली असती. ऑर्व्हिलनं फुगलेलीच उचलली आणि आपल्या रेडिओत बसवली. रेडिओ छातीवरच्या खिशात राहतो. त्यानं ती पुन्हा काढली आणि व्हर्नाच्या रेडिओत अंगठ्यानं दाबून बसवली.

“काय म्हातारबा, भरलीय ना?” व्हर्नानं विचारलं.

“चार्जरचा हिरवा दिवा लागला होता.”

दिवा लागला होता, हे खरंच होतं.

जेवणाच्या आधी त्यानं सांगितलं, “शेवटची करडी व्हॅन.” वरून उत्तर नाही. व्हॅन तर वळणाआड गेलेली. तो हाका मारत राहिला.

वर व्हर्नाचा रेडिओ मेला होता. निरोप नाही तर गाडी सोडायची नाही, हा नियम. तिनं पाटी धरून ठेवली. पण लाकडं वाहणारा एक ट्रकवाला कंटाळला आणि तिला वळसा घालून निघाला. ती आडवी धावली, चरात पडली. मनगट मोडलं. वळणावर ट्रक आणि व्हॅन नाकाला नाक लावून थांबले. कुणी मेलं नाही, एवढंच.

मुकादम रस्क तिला तंबूत घेऊन आला. “रेडिओ तपासून उभं राहायचं, हे तुला मी शिकवायचं? जॅकेट काढ. उद्यापासून येऊ नकोस.”

“बोलायचं बटण माझ्याच हातून दाबलेलं राहिलं असेल,” व्हर्ना रडत म्हणाली. “रस्क, मला एवढी एक संधी दे. थंडीत दुसरं काम नाही मिळत रे.”

ऑर्व्हिल हातमोजे चोळत उभा होता. तिचं एका हातानं जॅकेट निघेना. तो मदतीला पुढे झाला आणि त्याचे हात बटणावरच थांबले.

“बॅटरी फुगलेली होती,” तो म्हणाला. “मला माहीत होतं. आधी माझ्या रेडिओत घातली होती. मग भीती वाटली.”

रस्कनं रेडिओ उघडला, पाहिलं, शिवी हासडली. “तुझं जॅकेट राहू दे, व्हर्ना. आणि तू, बॅटऱ्यांना आजपासून हात लावायचा नाहीस. हिला दवाखान्यात ने.”

व्हर्नानं नाक पुसलं. “भीती वाटली ते समजू शकते मी,” ती म्हणाली. “पण मी याच्यापुढे हात पसरत होते, तेव्हा तू इथेच होतास ना?”

“होतो.”

त्यानं ट्रकचं पुढचं दार उघडून धरलं. ती मागे जाऊन बसली.