अंदमानला निघालेली पिशवी

इंदूबाईंना ओळखायचं तर त्यांच्या गच्चीपासून सुरुवात करावी. काशीतल्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून आलं की गल्लीतलं तिसरं घर. तिथे फाल्गुनात पापड, चैत्रात कुरडया, वैशाखात सांडगे असं गेली बेचाळीस वर्षं चालत आलं आहे. सकाळी उठून त्या आभाळाकडे एकदा बघतात आणि आज घालायचं की नाही ते ठरवतात. त्यांचं वाळवण एकदाही भिजलेलं नाही. हे त्या स्वतःच सांगतात, आणि सांगताना अजिबात लाजत नाहीत.

त्यांचे यजमान वेणीमाधवगुरुजी खाली ओसरीवर पंचांग घेऊन बसतात. काशीला कधी यावं, हे पुण्या-नागपूरचे यात्रेकरू त्यांना फोन करून विचारतात. "ज्येष्ठात भाजून निघाल, श्रावणात रेटारेटी. मार्गशीर्षात या," असं गुरुजी सांगतात. लोक येतात, खूश होऊन जातात. त्यामुळे जगात कुठेही कधी जावं हे आपल्याला कळतं, असा गुरुजींचा ठाम समज होऊन बसला होता.

मुलगा कुणाल बँकेत. दोन वर्षांपूर्वी त्याची बदली अंदमानला झाली, आणि येत्या एप्रिलमध्ये तो तिथून हलणार होता. इंदूबाईंनी समुद्र पाहिलेला नव्हता. माहेर दुर्गाघाटावर, सासर पंचगंगेवर. लग्न होऊन त्या पाच मिनिटांच्या वाटेवर आल्या होत्या.

"कुणाल तिथे आहे तोवर समुद्र बघायचा म्हणजे बघायचा," त्यांनी जाहीर केलं. "नंतर मला कोण नेतंय?"

गुरुजींनी लगेच पंचांग उघडलं. "देवदिवाळीची गर्दी उतरली की निघू. कार्तिक वद्य. आभाळ कसं धुतल्यासारखं असतं!"

"तो आपला बनारसचा मौसम झाला. तिथला मी विचारते."

आणि त्यांनी थेट कुणालच्या घरमालकिणीला फोन लावला. ती बाई तिथेच जन्मलेली. "बहनजी, आपके यहाँ धूप में सुखाने की चीज़ें कब डालते हैं?" उत्तर आलं, माघ-फाल्गुनात. कार्तिकात कसलं वाळवण? पाऊस मुक्कामालाच असतो, टॉवेलसुद्धा वाळत नाही.

"ऐकलंत? जेव्हा तिथलं वाळवण वाळतं तेव्हाच तिथे जावं. फाल्गुन पक्का."

"वाळवणावरून कुठे यात्रा ठरते का?" गुरुजी पोट धरून हसले आणि कार्तिकाची तिकिटं काढून मोकळे झाले. इंदूबाई मनातून चांगल्याच रागावल्या. पण तिकिटं हातात आली होती, आणि समुद्र तर समुद्र.

विमान शनिवारचं, मुहूर्त मात्र गुरुवारचा. अशा वेळी प्रस्थान ठेवतात. म्हणजे मुहूर्तावर आपली पिशवी घराबाहेर काढायची आणि दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवायची. पिशवी निघाली की माणूस निघाला असं धरतात, मग तो दोन दिवसांनी गेला तरी चालतो. गुरुजींनी धोतरजोडी, तांदूळ, सुपारी पिशवीत घातली आणि दोन घरं सोडून राहणाऱ्या विद्युल्लताबाईंकडे ती नेऊन ठेवली.

"गुरुजी, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" विद्युल्लताबाईंनी चिडवून घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळी कुणालचा फोन आला. "आई, वादळ आलंय. विमानं बंद, बोटी बंद. आठवडाभर इथे काही हलणार नाही."

गुरुजी खांबाला टेकून बसले ते उठेनात. वादळाचं त्यांना काही नव्हतं. त्यांनी काढलेली वेळ चुकली होती, आणि हे आजवर झालं नव्हतं. पंचांग मिटून ते म्हणाले, "प्रस्थान ठेवून यात्रा मोडली. पिशवी घरात आली की संपलं. योगच नाही आपला. आता जायचंच नाही."

हा माणूस असा शब्द बोलला की तो फिरवत नसे, हे इंदूबाईंना बेचाळीस वर्षांत पुरतं कळलं होतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि बाहेर आल्या.

"पिशवी मागे आणायची नाही. असंच ना?"

"नाहीच."

"आणि पुढे नेली तर?"

गुरुजींनी डोळे मिटले, ओठ हलवले, बोटं मोजली. "पुढे नेलेली... चालते. एका जागी दहा दिवसांहून जास्त राहता कामा नये."

"मग पुढे नेते."

इंदूबाईंनी दर दहा दिवसांनी ती पिशवी स्वतः मांडीवर घेऊन ई-रिक्षातून पुढच्या घरी पोचवली. मैदागिनला गुरुजींचे भाचे काशीनाथ, मग लहुराबीरला एक जुनी मैत्रीण, मग कचहरीच्या भागात एकामागून एक ओळखीची घरं. खरमास, म्हणजे आपला धनुर्मास लागला, गावातली लग्नं थांबली. पिशवी थांबली नाही. गल्लीतला दहीवाला विचारू लागला, "माताजी, झोला कहाँ पहुँचा?" गुरुजी तेवढ्यापुरतं पंचांगात तोंड घालत. इंदूबाई मात्र थाटात सांगत, "शिवपुर के पास!" फाल्गुन लागला तेव्हा पिशवी विमानतळाच्या वाटेवर शिवपूरला, नात्यातल्या आनंदीकडे जाऊन बसली होती. जाताना पिशवी फक्त उचलायची होती.

अंदमानात ऊन स्वच्छ होतं. घरमालकिणीच्या अंगणात दोऱ्यांवर मासळी खडखडीत वाळत होती. इंदूबाईंनी ती लांबूनच पाहिली, नाकाला पदर लावला आणि समाधानाने मान डोलावली.

मग समुद्र आला. त्या पायातल्या चपला काढून सरळ पाण्यात शिरल्या. एवढं मोठं, एवढं निळं असेल असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

मागे गुरुजी गुडघाभर पाण्यात ओंजळ धरून उभे होते. संकल्प सोडल्याशिवाय त्यांनी आजवर पाण्यात बुडी मारली नव्हती. मास म्हटला, पक्ष म्हटला, आणि पुढे गाडी अडली.

"अगं, आज तिथी कोणती?"

सगळ्या गावाला तिथी सांगणारा माणूस विचारत होता. इंदूबाईंना तिथी ठाऊक होती.

"राहू द्या हो. पाणी छान आहे. या."

गुरुजींनी ओंजळ तशीच सोडून दिली आणि चार पावलं पुढे येऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले. एक लाट आली, गेली.

"फाल्गुनच बरोबर होता," ते समुद्राकडे बघत म्हणाले. "मी चुकलो."

इंदूबाईंनी त्यांचा हात धरला. "मग? इतके दिवस मी काय सांगत होते?"