दोन्ही कान दिसले पाहिजेत

शुक्रवार, सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटं. सुरगाण्याच्या अलीकडे, घाटातल्या एका वळणावर खंडेराव निमसे कॅमेऱ्याला डोळा लावून पालथे पडले आहेत. समोर साठेक पावलांवर खडकावर बिबट्या बसला आहे. ऊन नुकतंच त्याच्यापर्यंत पोचलंय. बिबट्याने सावकाश जांभई दिली. सगळे दात दिसले. खंडेरावांनी बटण दाबलं नाही.

"दाजी, दाबा की!" जीपमधून मेहुणा भिमाजी कुजबुजला.

"आडवा बसलाय. एकच कान दिसतोय."

"आता वाघाचे कान मोजता का?"

"सरळ बघू दे त्याला."

बिबट्याने सरळ बघितलं नाही. तो उठला, अंग ताणलं आणि करवंदीच्या जाळीत गेला. तो सहा मिनिटं समोर होता. कॅमेऱ्यात एकही फोटो नव्हता.

निमसे एक्कावन्न वर्षांचे आहेत. नाशकात दिंडोरी नाक्याजवळ त्यांचं पासपोर्ट फोटोचं दुकान आहे. पाटीवर 'शेखर फोटो स्टुडिओ' असं लिहिलंय. शेखर हा आधीचा मालक. सव्वीस वर्षांपूर्वी त्याने दुकान विकलं; पाटी चांगल्या स्थितीत होती म्हणून निमशांनी ती ठेवली. तेव्हापासून निम्मी पंचवटी त्यांना शेखरभाऊ म्हणते. ते ओ देतात.

या सव्वीस वर्षांत त्यांनी माणसं एकाच पद्धतीने टिपली. चेहरा सरळ, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, दोन्ही कान दिसलेले, मागे पांढरं. त्यांनी काढलेला फोटो अर्जासोबत परत आला, असं फक्त दोनदा घडलं. दोन्ही तारखा त्यांना पाठ आहेत.

प्राण्यांचे फोटो ते सुट्टीच्या दिवशी काढतात, पण नियम तेच. गेल्या वर्षी एका पतसंस्थेने त्यांना नव्या कॅलेंडरसाठी बारा फोटो मागितले. अट एवढीच की प्राणी जंगली हवेत आणि नाशिक जिल्ह्यातले हवेत. मुंगसासाठी निमशांनी एका बांधावर अकरा दुपारी घालवल्या. साळिंदराचे कान सापडायला चार महिने लागले. जानेवारीच्या वानरापासून नोव्हेंबरच्या खोकडापर्यंत अकरा प्राणी आता तयार आहेत, आणि अकराही जण खिडकीपुढे रांगेत उभं राहून नंबर आल्यासारखे बघतात.

राहिला होता डिसेंबर. याच शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत फोटो पोचला नाही, तर त्या पानावर संचालक मंडळाचा फोटो जाणार होता. तो दुसऱ्या स्टुडिओने काढलेला. मग शेवटच्या पानावरची 'छायाचित्रे' आणि पुढे नाव ही ओळ गाळावी लागेल, असं छापखान्याच्या निवृत्तीशेठनी सांगून टाकलं होतं. निमशांचं नाव आजवर विजेच्या बिलाखेरीज कुठे छापून आलेलं नाही.

डोंगरात अजून दोन तास गेले. एक भेकर दिसलं, पाठमोरं. नऊ वाजता जीप घाट उतरली, वणीला चहा झाला, आणि पुढे लासलगावचे कांद्याचे ट्रॅक्टर चुकवत ते येवल्याच्या माळावर पोचले तेव्हा पावणेदोन झाले होते. इथे काळवीट हमखास दिसतात. त्या दिवशी एका पडीक रानात वीस होते. वीसच्या वीस आडवे.

सव्वातीनपर्यंत वाट बघून निमशांनी जीपमधून पांढरी चादर काढली.

"ही कशाला?" भिमाजीने विचारलं.

"मागे पांढरं नको का? लांबून वळसा घालून त्यांच्या पलीकडे जा आणि दोन्ही हातांनी ताणून धर."

भिमाजी गेला. ज्वारीच्या कडेकडेने वाकून जायला त्याला वीस मिनिटं लागली. पलीकडे पोचून त्याने चादर उघडली. काळविटांनी माना वर केल्या आणि सगळे एका वेळी चादरीकडे वळले. निमशांच्या बाजूने वीस शेपट्या दिसत होत्या. त्यांच्या मागे चादर, चादरीच्या वर भिमाजीचं डोकं. भिमाजीचे दोन्ही कान स्पष्ट होते.

फोन वाजला. "दाजी, समदे माझ्याकडं बघत्यात! काय नजर हाय एकेकाची!"

"मला दिसतंय. परत ये."

भिमाजी घामाघूम होऊन परत आला. "आता मी तुमच्या मागं उभा ऱ्हातो चादर घेऊन. मंग बघतील इकडं."

"मग पांढरं त्यांच्या मागे कसं येणार?"

"दाजी, त्यांना काय दुबईला जायचंय?"

निमशांनी घड्याळ बघितलं. चार वाजून अकरा मिनिटं. ते परत कॅमेऱ्यामागे पालथे पडले. भिमाजी मागे जाऊन उभा राहिला आणि त्याने चादर ताणली.

चार अठ्ठावीसला एका काळ्याभोर नराने मान वळवून सरळ कॅमेऱ्यात बघितलं. निमशांनी बटण दाबलं, त्याच क्षणी नराच्या डाव्या कानावर माशी बसली आणि कान मागे गेला. मग कळप उड्या मारत माळाच्या टोकाला गेला. एकच फोटो निघाला होता. चेहरा सरळ, डोळे उघडे, तोंडात गवत, कान एक.

त्यांनी बायकोला, उज्वलाला, फोन लावला. शुक्रवारी दुकान तीच बघत होती.

"कान एकच आलाय," ते म्हणाले.

"अहो, मग दुसरा काढा."

"गेले सगळे."

"मग आहे तो पाठवा. निवृत्तीशेठ पाचला शटर ओढतात. आणि माझी नवी चादर कुठाय?"

"भिमाजीकडे."

"त्याला म्हणावं, जमिनीवर नको टेकवू."

एका कानाचा फोटो निमशांनी आजवर कुणाला दिला नव्हता. फोटो कॅमेऱ्यातून मोबाईलवर घेऊन ते जीपच्या बॉनेटला टेकून उभे राहिले. चार बेचाळीसला त्यांनी फोटो पाठवला. पाच मिनिटांनी निवृत्तीशेठचा फोन आला.

"मिळाला. काय खातोय तो?"

"गवत."

"बरं. बसवला डिसेंबरवर. 'छायाचित्रे'पुढे शेखर टाकलंय."

"ते काढा. खंडेराव निमसे टाका."

"हे कोण?"

"मी."

पलीकडे कळफलकाचा आवाज आला. "नि-म-से. टाकलं," निवृत्तीशेठ म्हणाले.

उद्या शनिवार. दुकान नऊला उघडतं. सव्वानऊची वेळ रंगूबाई कोर यांनी घेतली आहे: पासपोर्टचे फोटो, आठ प्रती.