सुईला बंदी

व्होलोसच्या बंदरामागच्या गल्लीत स्टेर्गिओस रंगाचे दुकान चालवी. भिंती रंगवणारी मंडळी त्याच्याकडे स्प्रेचे डबे घ्यायला येत, आणि तुंबलेली नोझले घेऊनही येत. नोझल ते केवढे? हरभऱ्याएवढे! पण डब्यातला सारा रंग त्या एवढ्याशा मुखातून बोलतो. मुख निर्मळ तर रेघ निर्मळ. म्हणून काम संपताच डबा उलटा धरावा आणि नुसती हवा येईपर्यंत दाबावा, हे तो येईल त्याला सांगे, जप करावा तितक्या निष्ठेने सांगे.

त्या शनिवारी दुपारी देस्पिना धापा टाकत आली. समोरच्या भिंतीवर ती आपल्या वडिलांचे, पांडेलिस कोळ्याचे, चित्र काढीत होती. उद्या त्यांना जाऊन चाळीस दिवस होत होते, म्हणून चाळिसाव्याची प्रार्थना. ती आटोपून सारी आळी चर्चमधून थेट भिंतीपाशी येणार होती. चेहरा पुरा झाला होता. राहिली होती फक्त डोळ्यांतली चमक. आणि बारीक रेघेचे नोझल नेमके आताच तुंबले.

"काका, दुसरं द्या ना."

"एवढं बारीक नाही उरलं. माल सोमवारी येईल. डबा उलटा केला नव्हतास ना?"

"आई आली, बाबांना बघून रडायला लागली. मी डबा तसाच टाकून धावले." देस्पिनाने गल्ल्याजवळची सुई उचलली. "टोचून बघते."

"खबरदार! सुईनं भोक मोठं होतं. मग बापाच्या डोळ्यात चमक नाही, मोतीबिंदू उतरेल!"

रडवेली देस्पिना खुदकन हसली.

स्टेर्गिओसने काचेच्या वाटीत थिनर ओतले आणि नोझल त्यात अलगद सोडले, देवापुढे फूल वाहावे तसे.

"किती वेळ लागेल?"

"ते रंगाला विचार. तोवर कॉफी पी."

काय सांगावे त्या वाट पाहण्याचे! गाठ ओरबाडल्याने अधिकच आवळते. भिजली, की आपण होऊन सैल पडते. कॉफीचा गाळ तळाशी बसला, तेव्हा त्याने नोझल बाहेर काढले, हवेच्या डब्याची नळी त्याच्या मुखाला लावली आणि उलट्या बाजूने फवारा मारला. पांढऱ्या रंगाची गुठळी मागच्या मागे निसटली. मग ते डब्यावर बसवून त्याने जुन्या वर्तमानपत्रावर दाबले. केसासारखी रेघ उमटली!

देस्पिना पळत सुटली. दुकान उघडे टाकून तोही मागोमाग गेला. भिंतीपाशी तिची आई कालिओपी उभी होती. उद्याच्या प्रार्थनेनंतर वाटायच्या प्रसादाचे गहू शिजत घालून ती पुन्हा आली होती. देस्पिनाने श्वास रोखला. एका डोळ्यात एक ठिपका, दुसऱ्यात दुसरा. आणि पांडेलिस गल्लीकडे पाहू लागला.

कालिओपी आणखी जवळ आली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मासा केवढा होता ते सांगताना अस्साच बघायचा, खोटारडा!"

हसता हसता तिने त्याच्या गालाकडे हात नेला.

"वहिनी, रंग ओला आहे!" स्टेर्गिओस ओरडला.

"असू दे हो," ती म्हणाली, "समुद्रावरून कोरडा तरी कधी घरी आला होता?"