हेमाची फिटची गोळी

हेमाला जाऊन दीड महिना होत आला, पण अजून कोणी 'तिचं तेवढंच आयुष्य होतं' म्हणालं की माझं डोकं फिरतं. त्या सकाळी तिच्या नवऱ्याचा, दिनेशचा, तलासरीहून फोन आला. "ताई, हेमाला झोपेत फिट आली... उठलीच नाही." तिला तिसरा महिना होता. मी डहाणूच्या बाजारात भाजीची पिशवी धरून उभी होते. मला आधी रडू आलंच नाही, संताप आला.

आम्ही दोघी कैनाडच्या, एका बाकावर बसून शिकलेल्या. सातवीत तिला वर्गातच पहिली फिट आली. कोणी कांदा आणला, कोणी चप्पल हुंगवली. मग वडिलांनी तिला डॉक्टरांकडे नेलं, गोळी सुरू झाली, फिट थांबल्या. त्यानंतर आमच्याकडची नेहमीची पद्धत... गोळ्या संपल्या की रिकामी स्ट्रिप मेडिकलवाल्यापुढे धरायची आणि "ह्यातल्याच द्या" म्हणायचं. तोही द्यायचा. मुलगी वाढली, लग्नाची झाली, गोळी मात्र तीच राहिली.

हेमाला लपवाछपवी जमायची नाही. २०१४ साली लग्न ठरलं तेव्हा आईने तिला गप्प बसायला सांगितलं होतं. हिने दिनेशला समुद्रावर नेऊन सगळं सांगून टाकलं, वर म्हणाली, "पळायचं तर आत्ताच पळ, जेवणाची ऑर्डर अजून दिलेली नाही." तो पळाला नाही. मग ती मला घेऊन एका डॉक्टरांकडे गेली. "लग्न ठरलंय, पुढे मूल होईल... ही गोळी चालेल ना?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "गोळी बंद करायची नाही." बस्स, एवढंच. बंद करायची नाही हे बरोबरच होतं. पण ती बदलता येते, आणि दिवस जायच्या आधी बदलायला हवी, एवढं सांगायला त्यांचं काय जात होतं? गरोदरपणात लोहाच्या गोळ्या सगळ्यांनी दिल्या, पण दुसरं काय घेतेस हे एकानेही विचारलं नाही.

परी जन्मली ती दुभंगलेला ओठ घेऊन. ओठ शिवून झाला, पण चालायला उशीर, बोलायला त्याहून उशीर. सासूबाईंनी निकाल देऊन टाकला, ग्रहणात विळी धरली असणार. "आई, मी ग्रहणात पाणीसुद्धा प्यायले नाही हो," असं हेमा सांगायची, पण ऐकतंय कोण. मागल्या वर्षी वापीच्या एका डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, परी पोटात असताना कुठलं औषध चालू होतं? स्ट्रिप पाहून त्या म्हणाल्या, या गोळीने असं होऊ शकतं. पुढचं मूल हवं असेल तर आधी या, गोळी बदलू, पण आपल्या मनाने बंद करू नका.

हेमाच्या मनात त्यातलं पहिलंच वाक्य रुतून बसलं. "मी माझ्या हाताने पोरीला दिलं गं ते," म्हणायची. किती समजावलं तिला... यंदा न ठरवताच दिवस गेले, आणि तिने कोणाला न सांगता गोळी सोडून दिली. मला तिचाही राग येतो, खोटं कशाला बोलू. एक फोन करायचास ना, हेमा. पण खरा राग आहे तो इतकी वर्षं तिला तपासून, वजन करून, औषधं विकून मोकळे झालेल्यांचा. ज्या बाळाला वाचवायला तिने गोळी सोडली, तेही तिच्याबरोबरच गेलं. आणि हे सगळं टळण्यासारखं होतं.

परवा तलासरीला गेले होते. त्यांच्या न्हाणीच्या दाराला आतून कडी नाही. आत फिट आली तर दार फोडावं लागू नये म्हणून लग्न झाल्याझाल्या दिनेशनेच ती काढून टाकली. हेमा आंघोळीला गेली की मधूनमधून "आहे मी, आहे" म्हणत राहायची, बाहेरच्यांच्या जिवाला घोर नको म्हणून. परी अजून फार थोडे शब्द बोलते. ती हात धुवायला आत गेली, दार लोटून घेतलं, आणि आतून आवाज आला, "आहे मी, आहे."

दिनेश सवयीने "बरं" म्हणाला... आणि मग उठून अंगणात गेला.