किडनी ताईंची, हृदय मास्तरांचं

कॉलर शिवावी ती मास्तरांनीच! गिऱ्हाइकाला मान असो वा नसो, त्यांची कॉलर अशी बसायची की माणूस आपोआप ताठ चालायचा. अकरा वर्षांपूर्वी मास्तरांच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले, तेव्हा थोरल्या बहिणीनं, म्हणजे ताईंनी, आपली एक काढून दिली.

आता हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या. सर्जनना वाक्यागणिक ‘बरं का’ लागायचं. “बायपास करू, बरं का. हृदयाची काळजी नाही, बरं का. किडनीनं हा धक्का सोसायला हवा, बरं का.”

मास्तरांना हृदयाचं काही वाटलं नाही. ते घरचंच होतं. पण दुसऱ्याचं कापड आपल्या हातून बिघडलं तर?

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं फर्मावलं, “तोंडात काऽही घालायचं नाही.”

“आठची गोळी?”

“गोळीसुद्धा नाऽही.”

शरीरानं परकी किडनी झिडकारू नये म्हणून ही गोळी. अकरा वर्षांत एकदाही चुकली नव्हती. मास्तरांनी पाकीट मुठीत आवळलं.

“मग मी आत जात नाही.”

“काका, हट्ट करू नका हो!”

“हे बघ बाई,” ताई मध्ये पडल्या, “याचा चहा बंद कर, जेवण बंद कर, जमलं तर तोंडही बंद कर. पण माझी किडनी म्हणजे माझी लेक. अकरा वर्षं याच्याकडे सुखानं नांदतेय. तिचे हाल केलेस तर गाठ माझ्याशी आहे!”

नर्सनं कपाळाला हात लावत सर्जनना फोन केला. उत्तर अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. “ती गोळी द्यायचीच! घोटभर पाण्याबरोबर! कागदावर लिहायचं माझंच राहिलं, बरं का!”

“घ्या,” नर्सनं पाणी पुढे केलं. “भांडलात ते बरंच केलंत.”

दुसऱ्या दिवशी मास्तर नीट शुद्धीवर आले. छातीवर ही लांबलचक शिवण. उशाशी ताई; पण त्या भावाच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. त्यांचे डोळे खाटेखाली लटकणाऱ्या लघवीच्या पिशवीवर खिळले होते.

“झाली... का?” मास्तरांचा आवाज फुटेना.

“दीड लिटर!” नातवाचं वजन सांगावं तशा थाटात ताई म्हणाल्या, आणि मग कुठे त्यांना रडू फुटलं.

मास्तर हसायला गेले तर टाके ओढले. मग नुसतेच पडल्या पडल्या, नळीतून उतरणारा एकेक थेंब बघत राहिले.