पांढऱ्या गोकर्णीचा वेल

लग्न होऊन मी ठाणाकुशनूरहून मादन हिप्परग्याला आले तेव्हा निजामाचं राज्य नुकतंच संपलं होतं आणि माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आत्याबाईंचं, अगदी जोरात चालू होतं. त्या राज्याची राजधानी म्हणजे न्हाणीमागचं अंगण, आणि राजधानीतला मानकरी म्हणजे पांढऱ्या गोकर्णीचा वेल.

अप्पा, म्हणजे माझे सासरे, सकाळी अंघोळ करून, भस्म लावून बसत. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेत आणि त्यावर या वेलाचं एक फूल ठेवत. ते फूल असं बसे, जणू लिंगाच्या मापानंच शिवलंय. पूजा झाल्याशिवाय अप्पा पाण्याचा घोट घेत नसत आणि अप्पा जेवल्याशिवाय आम्ही कोणी ताटावर बसत नसू. सगळ्या घराची भाकरी त्या एका फुलाला बांधलेली.

आणि वेल म्हातारा झाला होता. खाली नुसते दोरखंड, मांडवाच्या टोकाला थोडी पानं, बाकी वाळक्या शेंगा. पूजेच्या वेलाला लोखंड लावायचं नाही ही घरची रीत, त्यामुळं त्याला कधी कोणी छाटलंच नव्हतं. कधीकधी एका फुलासाठी शिडी लावावी लागे. अप्पा एकदा सहज म्हणाले की शेजारच्या अक्कांकडं निळी गोकर्ण भरभरून येते. आत्याबाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते वाक्य त्यांनी भाकरीबरोबर गिळून टाकलं.

अक्कांशी आत्याबाईंचं बिनसलं होतं ते या निळ्या रंगावरूनच. आमच्या वेलाखाली बी पडून पावसाळ्यात आपोआप रोपं उगवत. आत्याबाई ती लेकरासारखी वाढवत, आणि कळी उमलली की बऱ्याचदा आत निळं. मग त्यांनी बी भस्मात घोळून पूजेच्या डब्यात ठेवलं आणि पेरलं, भस्मासारखं पांढरं फूल यावं म्हणून. तेही निळंच आलं. अक्कांनीच काहीतरी केलं, असं आत्याबाईंनी ठरवून टाकलं आणि बोलणं बंद झालं.

केलं होतं ते भुंग्यांनी. माझ्या माहेरी फुलांचा मळा, तिथं हे मी जन्मापासून पाहिलेलं. भुंगा अक्कांच्या निळ्या फुलातून उठतो, भिंतीवरून येतो आणि आमच्या पांढऱ्यात तोंड घालतो. बी दोन्ही घरांचं होतं. फांदी मात्र ज्या वेलाची त्याच वेलाची राहते. पांढरं हवं तर फांदी लावायची.

हे मी सगळ्यांच्या देखत, पदर खोचून, हातवारे करत सांगितलं. नवी सून एवढं बोलते हेच घराला नवल. वरून मी म्हटलं की जुना वेल कमरेएवढा ठेवून बाकीचा कापायचा, म्हणजे खालून नवे कोंब येतात. आत्याबाईंच्या हातातली भाकरी परातीतच राहिली.

"जिता वेल कामून कापायलीस गं? म्हातारा झाला म्हणून? उद्या मलाबी कापशील."

अप्पा एवढंच म्हणाले, "लोखंड लावू नको."

मी कळकाची कामटी तासून धार काढली. आमच्याकडं सुईण नाळ कापते ना, तशीच. कोवळ्या फांद्या झटक्यात सुटल्या, पण जुन्या खोडावर मी करवतीसारखी घासत बसले. ज्येष्ठातलं ऊन, आणि आत्याबाई उंबऱ्यात बसून एकेका दोरखंडाला निरोप देत होत्या. मी चांगल्या फांद्यांचे वीतभर तुकडे केले, खालची पानं काढली, फुटक्या मडक्यात वाळू भरून खोचले आणि न्हाणीच्या ओलसर सावलीत ठेवले.

मांडव उघडा पडला. भुंगे यायचे, रिकाम्या मांडवाला घिरट्या घालून अक्कांकडं जायचे. अप्पा लिंगावर बेलाचं पान ठेवायचे आणि जेवायचे. पण आत्याबाई ताट वाढताना रोज मला ऐकवायच्या, "आज बी पानावरच भागवा म्हणावं." अखेर त्यांनी सांगून टाकलं, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारपर्यंत पांढरं फूल आलं नाही तर या अंगणात मी परत हात घालायचा नाही. अंगणाशिवाय मी सासरी करणार काय होते? दिवसभर भाकऱ्या थापून ऐकवणार कुणाला?

काही तुकडे कुजले, काही तगले. जुनं खोड मात्र ढिम्म. श्रावण निम्मा सरला तरी त्याला डोळा फुटेना. एका मडक्यातल्या वेलाला कळी धरली, तशी मी दिवसातून किती वेळा वाकून बघत होते याची आत्याबाईंनी नक्कल करून दाखवली. नक्कल उत्तम होती. माझ्यात थोडं त्यांचंच आलंय.

शेवटच्या सोमवारी सकाळी मी मडक्याकडं धावले तर आत्याबाई आधीच तिथं उकिडव्या बसलेल्या. कळी उमलली होती. पांढरी, अगदी दुधासारखी, देठाशी किंचित पिवळी. त्यांनी फूल खुडलं, माझ्याकडं न बघता तांब्याच्या ताटलीत ठेवलं आणि अप्पांपुढं नेलं. अप्पांनी ते लिंगावर ठेवलं आणि डोळे मिटले. त्या दिवशी आत्याबाईंनी माझं ताट स्वतः वाढलं. तुपाची धार काही थांबेना.

भाद्रपदात जुन्या खोडालाही खालून कोंब फुटले, मांडव भरला आणि भुंग्यांची अशी वर्दळ लागली की धुणं वाळत घालायची चोरी. मग एके दिवशी भिंतीपलीकडून अक्कांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा हाक मारली. एक पांढरी फांदी मिळेल का, म्हणाल्या. आत्याबाईंनी माझ्या हातातली कामटी घेतली, स्वतः फांदी कापली आणि भिंतीवरून दिली.

"बी लावू नका, अक्का, निळं होतंय. फांदीच लावा," त्या म्हणाल्या. "आमच्या सुनंनं काढलेली रीत हाय ही."

मी आत चुलीपाशी होते. सगळं ऐकू येत होतं, तरी मुद्दाम विचारलं, काय म्हणालात, आत्याबाई?

"काय न्हाई," त्या म्हणाल्या. "भाकरी करपायलीय तुझी."